पिवळ्या लोकरीचं पिल्लू

"माझं पिल्लू चोरलंय," बाई दारातूनच म्हणाली. "ग्रेट डेन. गळ्यात ओळखीसाठी पिवळी लोकर. परवा आठ आठवड्यांचं होईल."

बाई कुत्र्यांची पैदास करायची, पण दुकान मांडून नव्हे. आईबापाच्या खुब्यांत दोष नाही ना, ते एक्स-रे काढून बघून, दोन वर्षांतून एकदा. पिल्लू न्यायला येणाऱ्याला तीस प्रश्न. अशी माणसं बोटांवर मोजावीत. बाकीचे पिल्लं विकत नाहीत, टोपलीतली भाजी खपवतात.

तिचं ऐकून घेणाऱ्या खासगी गुप्तहेर बाईला सगळे घार म्हणत. शेजारी तिचा दीर होता. मनानं सोनं, डोक्यानं सावकाश.

"परवा ते माळीकाकांना द्यायचंय. दोन वर्षं थांबलेत बिचारे. आणि लस अजून पुरती झाली नाही त्याची. नको तिथे पडलं तर मरेल हो!"

पिल्लांच्या खोलीच्या दारात पाय बुडवायला जंतुनाशकाचं पसरट भांडं होतं. अनवाणी पायांचे पांढुरके ठसे त्यातून निघून आत गेले होते.

"फरशी पुसून मी पिल्लांच्या आईला फिरवायला नेलं, तेवढ्यात झालं," बाई म्हणाली.

फळीवर पिल्लांच्या वंशावळीची कागदपत्रं जशीच्या तशी. आई झोपायची त्या चादरीचा मात्र एक कोपरा गायब. काठ करवतीसारखा दातेरी.

"नव्या घरात आईचा वास हवा, म्हणून तुकडा मीच देते. पण मी हातानं फाडते."

"चोर चादर कापत बसला?" दीर म्हणाला. "वेडाच दिसतोय."

गावातला दुसरा पैदासवाला पाचच आठवड्यांची पिल्लं विकायचा. त्याच्या पिंजऱ्यांपाशी नाक दाबूनच उभं राहावं लागलं.

"जंतुनाशकात पाय? मी काय ऑपरेशन करतो?" तो खिदळला. "माझी पिल्लं दोन दिवसांत खपतात. जळते ती!"

"वहिनी, हाच," दीर कुजबुजला.

माळीकाकांनी पिल्लासाठी फळ्यांचा पलंग ठोकला होता. "परवा माझंच होणार होतं. स्वतःचं कोण चोरतं, पोरी?" त्यांनी पलंगावरचा भुसा झटकला.

बाईची धाकटी बहीण शिवणकाम करायची. दीरानं चष्मा पुसायला काही मागितलं, तिनं एक दातेरी चिंधी दिली.

"पिल्लं द्यायच्या यादीत माझं नाव पहिलं होतं," ती मशीनवरून मान न उचलता म्हणाली. "ताईनं खोडलं. मी दिवसभर दुकानात असते ना. नापास!"

संध्याकाळी घारीनं सगळ्यांना पिल्लांच्या खोलीत बोलावलं.

"विकायला चोरलं असतं तर कागदपत्रंही नेली असती. हे पैदासवाले पाय बुडवत नाहीत, स्वतःच सांगितलंय त्यांनी. चोरानं पाय बुडवले, पिल्लाला वास हवा म्हणून चादर कापली. म्हणजे चोराचा जीव होता पिल्लांवर."

"मग माळीकाका!" दीर म्हणाला.

"त्यांना दोन दिवसच थांबायचं होतं. भावजी, खिशातली चिंधी काढा. चादरीला लावा."

दात तसेच होते.

"कापड उसवू नये म्हणून शिवणारे तसली दातेरी कात्री वापरतात," घार म्हणाली. "चोराचा हात सवयीनं त्या कात्रीकडेच गेला."

धाकटी उठली. "माझ्या खोलीत आहे ते. झोपलंय, पोट भरून." मग बहिणीकडे वळली. "परक्यांना तीस प्रश्न विचारतेस. पिल्लांना तासातासाला उचलून बघतेस. दहा वर्षांत मला एक तरी प्रश्न विचारलास? जळते मी, ताई. कुत्र्यांवर जळते! आता हसा सगळे."

कुणी हसलं नाही. दीर जाऊन पिल्लू घेऊन आला. बाईनं ते तपासलं, माळीकाकांना म्हणाली, "परवा या. शब्द दिलाय."

मग तिनं फळीवरून प्रश्नांचा कागद काढला आणि धाकटीसमोर फरशीवर बसली.

"घरी दिवसभर कोण असतं?"

"कुणी नाही. माहितीये तुला."

बाईचं पेन थांबलं. तिनं कागद उलटा करून ठेवला. पुढचा प्रश्न त्यावर नव्हता.

"आज जेवलीस का गं?"