मडगार्डखालची चार बोटे

हादरा नको, असे डॉक्टरीणबाईंनी शमिकाला बजावले होते. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळे संपले होते. आता सातवा लागला होता आणि ती बाळंतपणासाठी माहेरी, झाशीला आली होती. प्रेम नगरपासून इस्पितळापर्यंतचा रस्ता ज्याने पाहिला आहे त्याला ही आज्ञा विनोदी वाटेल. तिच्या वडिलांना, विक्रमरावांना, ती वाटली नाही. ते इतिहासाचे प्राध्यापक होते. त्यांनी वाचायला घेतले.

रोज कॉलेजला नेणारी त्यांची जुनी गाडी खड्ड्यात आपटे आणि वळणावर झोके खाई. कडक स्प्रिंगा घातल्या तर झोके थांबतील, पण प्रत्येक खडा पाठीच्या मणक्यापर्यंत पोचेल. मऊ ठेवल्या तर गाडी होडीसारखी डुलेल. स्प्रिंगेत रबरी ठोकळे कोंबण्याचा बाजारू उपाय त्यांनी तुच्छतेने बाजूला सारला. अखेर मूळच्याच स्प्रिंगा आणि चारही चाकांना गॅसचे शॉक अब्सॉर्बर, असा निर्णय झाला.

"अब बिटिया को चाय का कप पकड़ाके बिठाओ, प्रोफेसर साहब. बूँद नहीं छलकेगी," मेकॅनिक संतोष म्हणाला. चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत त्याने बोटे घालून दाखवली. चारही बाजूंना चार बोटे. मग तो स्वतः मागच्या डाव्या जागेवर जाऊन बसला आणि विक्रमरावांना बोटे घालायला लावली. तीन. "एक सवारी, एक उँगली. हिसाब साफ़!"

डोहाळजेवण ठरले तशी पत्नी अरुंधती म्हणाली, "अहो, मूळपुरुषांना बोलावून या. आणि जाताना कपाळाला आठ्या नकोत."

मंगलकार्य निघाले की गुरसरायला जायचे, मूळपुरुष शिवाजीराव यांच्या समाधीच्या छत्रीवर अक्षत ठेवायची, 'चलावे' म्हणायचे आणि येताना मागची डावी जागा रिकामी राखायची; कार्य उरकले की त्यांना छत्रीपर्यंत परत पोचवायचे. घराण्याची ही रीत बैलगाडीपासून चालत आली होती.

विक्रमरावांना मूळपुरुष ठाऊक होते. गदराच्या साली, सत्तावन्नात, हे गृहस्थ कुटुंबकबिल्यासह झाशीहून गुरसरायकडे पळाले. वाटेत ओझ्याने गाडीचा आख वाकू लागला. गाडीत पेट्या होत्या आणि दिवस भरलेली सून होती. गुरसरायच्या अलीकडे, ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या, पुलियाच्या वळणावर, शिवाजीरावांनी ओझे कमी केले. पेट्या गुरसरायला सुखरूप पोचल्या. घराण्याने या प्रसंगाला सुनेचा त्याग असे नाव दिले होते. खुनाला त्याग म्हणण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. तिला फक्त पुढच्या पिढ्या आज्ञाधारक लागतात. छत्रीच्या पायथ्याशी एक बिननावाचा दगड होता. तो तिचा. त्यावर अक्षत कधी कुणी ठेवली नव्हती.

त्या दिवशी विक्रमरावांनी छत्रीकडे पाठ केली आणि मूठभर अक्षत त्या दगडावर ठेवली. "चलावे," ते म्हणाले. "या खेपेला तुम्ही."

त्यांचा यावर काडीचाही विश्वास नव्हता. तो एक निषेध होता, आणि निषेध करून माणसाला बरे वाटते तसे त्यांना वाटले. परतताना पुलियाच्या वळणावर गाडी डावीकडे झुकली. नवे शॉक, रुळायला वेळ लागेल, असे त्यांनी मनाशी म्हटले.

सकाळी अंगणात गाडी तिरकी उभी होती. मागे डावीकडे त्यांनी फटीत बोटे घातली.

दोन.

डोहाळजेवण थाटात झाले. गाडी तशीच राहिली. शॉक वजन पेलत नाहीत, ते स्प्रिंगांचे काम, एवढे त्यांनी वाचले होते. मागच्या दोन्ही स्प्रिंगा नव्या घातल्या. सकाळी दोन बोटे. डावीकडची स्प्रिंग उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे करून पाहिली. दोष स्प्रिंगेत असता तर उजवी बाजू बसली असती.

डावीच बसली.

"पीछे किसको बिठाए घूमते हो, साहब?" संतोषने हसत विचारले. त्याने मागचे डावे दार उघडले, आत वाकला आणि तसाच थांबला. मग दार हलकेच, कुणाला धक्का लागू नये तसे, लावले. "ले जाइए. हमसे नहीं होगी."

पुढच्या तपासणीला निघताना शमिका त्या दारापाशी आली, आणि गाडीला वळसा घालून उजवीकडून बसली.

"इकडून का?" विक्रमरावांनी विचारले.

"तिथे जगह नाहीये, बाबा," ती पोटावर हात ठेवून म्हणाली. आरशात रिकामी जागा दिसत होती.

त्या संध्याकाळी अरुंधतीने विचारले, "मूळपुरुषांना पोचवून आलात ना?"

पोचवायला जाणे म्हणजे कुणी आले होते हे मान्य करणे.

तरी ते सकाळी निघाले. माघातले धुके शेतांवर टेकले होते. मागून काहीच ऐकू येत नव्हते. फक्त गाडीत धुळीचा आणि ओल्या गवताचा वास साचत गेला. प्रत्येक वळणावर गाडी सावकाश डावीकडे कलली आणि सावकाशच सावरली.

पुलियाच्या वळणावर त्यांनी वेग कमी केला.

मागे काहीतरी करकरले. डावी बाजू वर उचलली गेली.

त्यांनी गाडी थांबवली आणि खाली उतरले. मागचे डावे दार बंदच होते. फटीत चार बोटे. रस्त्यावर कुणी नव्हते.

दगड अजून पुढे होता. पण ओझे उतरले होते, बारा वाजता इस्पितळात वेळ घेतलेली होती, आणि ज्यावर आपला विश्वास नाही ते शेवटपर्यंत पोचवण्याचे कारण काय? विद्वान माणसाला कारणाची वाण कधीच पडत नाही. त्यांनी तिथूनच गाडी वळवली.

परतीचा प्रवास नितळ झाला. शॉक अप्रतिम होते.

अंगणात शमिका तयार उभी होती. या वेळी ती सरळ मागच्या डाव्या दाराकडे आली. "हो गया, बाबा? ठीक झाली गाडी?"

"झाली."

ती बसली आणि दार लावून घेतले. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"आज किती हलकं वाटतंय," ती म्हणाली.

विक्रमराव हसले. सवयीने ते वाकले आणि तिच्या बाजूच्या चाकावरच्या फटीत हात घातला. एक सवारी, एक उँगली; आता तीनच मावायला हवी होती.

चारही बोटे सहज आत गेली.