गणूकाकांचा पत्ता

निनादच्या वडिलांचे सख्खे काका गणू, साठेक वर्षांपूर्वी देवगडहून गलबतानं आखातात, रास अल खैमाला आले आणि परतलेच नाहीत. वडील थकत चालले, तशी ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा काढू लागले. निनाद नोकरीला आखातातच होता; त्यानं फेसबुकवर चौकशी केली, काकांचा जुना फोटोही टाकला. कुणीतरी तिथल्या डोंगरातल्या एका वस्तीचं लोकेशन पाठवलं. शनिवारी सकाळी तो आणि त्याची बायको दर्शना डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरून गाडीनं निघाले.

वाळू मागे पडली, करडे डोंगर अंगावर आले. शेवटच्या पेट्रोल पंपावरच्या माणसानं, कुणी काही विचारायच्या आतच, उजवीकडचा कच्चा रस्ता दाखवला. निनादला ते खटकलं. आपण फोटो टाकून मोकळे झालो, आता हे लोक मिळून आपल्याला गंडवणार, असं तो म्हणाला.

“आलोय तर बघू,” दर्शना म्हणाली. “पटलं नाही तर खलास, परत फिरू.”

वस्तीतली दगडी घरं बहुतेक ढासळलेली. बोरीच्या सावलीत अरबांचा पायघोळ कंदुरा घातलेला एक माणूस बसला होता. चाळिशीचा असेल. समोर सतरंजीवर बिनदुधाच्या सुलेमानी चहाचे तीन पेले मांडलेले, त्यांतून वाफ निघत होती.

“येवा, बसा,” तो मालवणीत म्हणाला. “वाट गावली मां?”

दर्शना टेकली. निनाद उभाच राहिला. गणूकाका कधी वारले, असं त्यानं विचारलं. मीच गणू, माणूस शांतपणे म्हणाला.

फसवायचं तर निदान वय तरी जुळवावं! खोटेपणा उघडा पाडायला निनादनं वडिलांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून समोर धरला.

माणूस वाकला. “बाबल्या, पाय बरो झालो मां रे तुझो?”

पलीकडून वडिलांनी स्पीकर बंद करायला सांगितलं. निनाद गाडीपाशी गेला.

आवाज त्यांचाच आहे, वडील म्हणाले. लहानपणी वडील आंब्यावरून पडले, पाय मोडला, तेव्हा गणूकाकांनीच त्यांना पाठीवर घेऊन डॉक्टरकडे नेलं होतं. दुसऱ्याच दिवशी काका गलबतावर चढले.

“ऐक, निनाद. तुझी आजी जाताना सांगून गेलीय. गणू भेटला तर त्याच्या हातचं काही घेऊ नका. का, ते नाही बोलली. तुम्ही काही घेतलं नाही ना?”

निनाद वळला.

दर्शनाचा पेला रिकामा होता.

“चल, निघू या,” तो म्हणाला.

तिनं वळूनही पाहिलं नाही. ओढणी डोक्यावरून घेतली. पुण्यात जन्मलेली, मालवणी कधीच न बोललेली दर्शना उठली, बाजूची रिकामी कळशी उचलली आणि त्या माणसाला हळूच म्हणाली,

“पानी खंयसून आणू?”