उसनं कोठार

सणाची भाजलेली टर्की कापता कापता ऑरिन हॅलस्टेडचा हात थांबला, सुरी ताटावर वाजली आणि त्यानं मुलीकडे, वेराकडे पाहिलं.

"सोमवारी विधानसभेत बोलणार आहेस म्हणे. बापाविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध नाही, डॅड. मोठ्या इस्टेटींवरचा वारसा कर रद्द करू नका, एवढंच सांगणार आहे."

"बाईसाहेबांना आयतं मिळालेलं बोचतंय," धाकटा भाऊ क्लेटन हसला.

"बोचतंयच. दोन डोंगरभर जंगल, लाकडाच्या गिरण्या... त्यात आपला घाम किती रे? जंगल पेटलं तेव्हा आपण हॉटेलात होतो. विझवलं ते सरकारी माणसांनी, लोकांच्या कराच्या पैशावर."

ऑरिननं सुरी खाली ठेवली. "गेलीस तर या टेबलावर तुला पुन्हा जागा नाही."

थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्कीच्या छातीचं दुबेळकं हाड तो दरवर्षी चुलीवरच्या खिळ्याला वाळत टाकायचा. वाळलं की तो आणि वेरा एकेक टोक धरून मोडेपर्यंत ओढायचे. मोठा तुकडा ज्याच्या हाती, त्याची इच्छा पुरी. आई गेली त्या वर्षीसुद्धा हे चुकलं नव्हतं. त्या संध्याकाळी निघताना वेरानं वळून पाहिलं, तर खिळा रिकामा होता.

गेला महिनाभर टीव्हीवरच्या जाहिरातीत ऑरिनच दिसत होता. मळकी डंगरी घालून, मोडक्या कोठारापुढे उभा राहून म्हणायचा, "हा कर माझं कोठार खाईल." कोठार शेजारच्या शेतकऱ्याचं, जाहिरातीपुरतं मागून घेतलेलं, हे वेराला ठाऊक होतं. त्या बिचाऱ्याच्या एवढ्याशा शेताला हा कर लागतच नव्हता.

सोमवारी सभागृहात ऑरिन तीच डंगरी घालून पुढच्या रांगेत बसला होता. वेरा आगीबद्दल बोलली, न कमावलेल्या धनाबद्दल बोलली. मग अध्यक्षांनी विचारलं, "पण तुमच्या वडिलांचं कोठार जाणार, त्याचं काय?"

एका वाक्यात बाजी जिंकता आली असती... पण जन्मदात्याला भरसभेत उघडं पाडणं वेराच्यानं होईना. मान खाली घालून ती गप्प उभी राहिली. मागे कुणीतरी हसलं.

"कोठार माझं नाही." ऑरिन उठला होता. "शेजाऱ्याकडून मागून आणलेलं. पोरीला ठाऊक आहे, तरी बोलली नाही. ती म्हणते तेच खरं. कर राहू द्या."

क्लेटन दार आपटून निघून गेला. तो आवाज ऐकून ऑरिन एकाएकी म्हातारा दिसू लागला.

बाहेर पायऱ्यांवर त्यानं डंगरीच्या खिशातून वाळलेलं हाड काढलं. "फेकायला नेलं होतं. फेकवलं नाही. धर."

मोठा तुकडा वेराच्या हाती आला.

"काय मागितलंस?"

"पुढच्या वर्षी टेबलावर जागा... मला आणि क्लेटनलाही."

ऑरिननं क्लेटनची गाडी गेली त्या रस्त्याकडे पाहिलं.

"तुझी जागा तर आहेच," तो म्हणाला.