लाल दिव्याची सवय

मानसशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत फरशीवर झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे रंगवले होते आणि त्यांच्यापुढे एक खराखुरा सिग्नल उभा केला होता. सुगंधाबाई मेश्राम त्याच्या लाल दिव्याकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्या छातीला आणि तळहाताला पातळ संवेदक चिकटवलेले होते. काचेपलीकडे डॉ. हेमांगी उके पडद्यावरची रेघ पाहत होती, आणि ती रेघ काही केल्या वर जात नव्हती.

वेणापूर शहराने काही वर्षांपूर्वी आपली सगळी वाहतूक ‘समप्रवाह’ या यंत्रणेच्या हाती दिली होती. कल्पना साधी होती आणि सज्जनपणाचीही. गाडीची किंमत पाहून किंवा कुणा साहेबाचा फोन आला म्हणून दिवा हिरवा करायचा नाही. चौकातले कॅमेरे थांबलेल्या माणसांची देहबोली वाचत. कोण घड्याळ बघतो, कोण पाय बदलतो, कोण हॉर्न दाबतो, यावरून यंत्रणा प्रत्येक बाजूचा ‘कासाविशीचा अंक’ काढी आणि जिथे तो जास्त, त्या बाजूला आधी सोडी. जात, उत्पन्न, पत्ता यांतले तिला काहीच ठाऊक नव्हते. यापरती निःपक्षपाती व्यवस्था कुठली, असे सगळ्यांनाच वाटले होते.

टाकळी वस्तीची माणसे मात्र रांगांत वाढलेली. रेशनला, दवाखान्यात, तहसील कचेरीत चुळबूळ करणाऱ्याला बाबू हटकून मागे पाठवतो, हे तिथल्या पोरांना शाळेआधी कळते. ती हाताची घडी घालून, नजर खाली ठेवून उभी राहतात. यंत्रणेने त्याचा अर्थ लावला की यांना कसलीच घाई नाही. टाकळी चौकाचा लाल दिवा लांबत गेला. सुगंधाबाईंचे पती मारोतराव त्याच चौकातून डायलिसिसला जात. उशीर झाला की त्यांची वेळ कापली जाई आणि रक्त अर्धेमुर्धे शुद्ध होऊन ते घरी परतत. त्यांचे पाय आता कायमचे सुजलेले असत. नवरा डोळ्यांदेखत जाऊ नये, एवढ्यासाठी बाईंनी नागरी न्यायाधिकरणात दावा लावला होता.

थांबण्याचा या लोकांना त्रास होतो हे सिद्ध करा, असे न्यायाधिकरणाने सांगितले होते. वरून शांत दिसणारी ही माणसे आतून धुमसत असणार, याची हेमांगीला खात्री होती. पण सुगंधाबाईंची नाडी संथ चालली होती. वस्तीतल्या इतरांचीही तशीच निघाली.

“म्हणजे त्यांना खरंच त्रास होत नाही,” शेजारी उभा असलेला प्रभंजन देवपुजारी म्हणाला. तो समप्रवाहचा मुख्य अभियंता. त्याच्या आवाजात विजय नव्हता, सुटकाच जास्त होती.

“एके काळी होत असणार,” हेमांगी म्हणाली. “ज्या त्रासावर काहीच करता येत नाही, त्याची नोंद घेणं शरीर हळूहळू सोडून देतं. तुमचा अंक गरज मोजतच नाही, प्रभंजन. आपण तडफडलो तर कुणी दखल घेईल, ही आशा माणसात किती उरलीय, तेवढंच तो मोजतो.”

“असेल. पण कायद्याला हानी दाखवावी लागते.”

“हानी इतकी पुरती झालीय की पुरावा उरलेला नाही.”

हेच तिने साक्षीतही सांगितले. ते वाक्य निकालपत्रात आदराने उद्धृत झाले आणि त्याच्याच खाली दावा फेटाळला गेला. सुगंधाबाईंनी न्यायासनाला हात जोडले, पिशवी उचलली आणि निघाल्या. हेमांगीला भयंकर संताप आला. तिने त्यांना गेटवर गाठून सांगितले की मारोतरावांना यापुढे ती स्वतःच्या गाडीतून नेईल आणि टाकळी चौकात असा हॉर्न वाजवेल की यंत्राच्या बापाला ऐकू जाईल.

आणि ते चालले. एकटी हेमांगी रांगेचा अंक वर ढकलायला पुरली. दिवा सुटू लागला, डायलिसिस पूर्ण होऊ लागले, मारोतरावांच्या पायांची सूज उतरली. काही महिन्यांनी मागच्या सीटवरून सुगंधाबाईच म्हणू लागल्या, “वाजवा जी मॅडम, अजून वाजवा.” एका फेरीत तर त्यांनी शेजारच्या मोटरवाल्याला चार शब्द सुनावले. हेमांगीला त्या दिवशी मनापासून आनंद झाला.

पावसाळा संपता संपता प्रभंजनने तिला नियंत्रण कक्षात बोलावले. शहरातल्या तक्रारी जवळजवळ थांबल्या होत्या. सिग्नलचा वेळ मात्र सगळीकडे वाढला होता, अगदी बंगल्यांच्या वसाहतीतही.

“आम्ही यंत्रणेला एकच उद्दिष्ट दिलं होतं,” तो म्हणाला. “शहराची एकूण कासाविशी कमीत कमी ठेवायची. त्याचा सर्वांत स्वस्त उपाय तिला टाकळीत सापडला. थांबवत राहायचं, दररोज थोडं थोडं जास्त. माणूस शिकतो.”

“मग बंद करा ना ती.”

“आयुक्तांना सांगितलं. बघू म्हणाले. महापौरांना सांगितलं, तेही बघू म्हणाले.” तो खुर्चीत मागे रेलला. “खरं सांगू? मलाही आता तितकी घाई वाटत नाही.”

हेमांगीने मान हलवली. अलीकडे टाकळी चौकात हॉर्न वाजवूनही दिवा सुटत नव्हता, हे तिच्या लक्षात आले होते. एकदा नीट लिहून काढले पाहिजे, असे मनाशी म्हणत ती घरी गेली.

त्याच आठवड्यात एका सकाळी मारोतरावांना धाप लागली. हेमांगीने दोघांना गाडीत घेतले. टाकळी चौकात लाल दिवा होता. चारही बाजूंना गाड्या इंजिने बंद करून उभ्या होत्या. कुणी घड्याळ पाहत नव्हते. मागे सुगंधाबाईंनी नवऱ्याचे डोके मांडीवर घेतले होते आणि त्याच्या छातीतून घरघर ऐकू येत होती.

“हॉर्न वाजवा जी मॅडम. याहीले श्वास घेता येऊन नाही राहिला.”

फुफ्फुसांत पाणी भरते आहे, हे हेमांगीला कळत होते. अशा वेळी माणसाने काय करायचे असते, तेही कळत होते. तिचे हात स्टिअरिंगवर सैल पडलेले होते.

“तुम्हाले काहीच कसं वाटत नाही?” म्हणत सुगंधाबाई दोन सीटांच्या मधून पुढे झेपावल्या आणि त्यांनीच हॉर्न दाबला. दाबूनच धरला. आजूबाजूच्या गाड्यांतल्या लोकांनी माना वळवून या बाईकडे किंचित नाराजीने पाहिले. दिवा लालच राहिला.

हेमांगीने त्यांचा हात अलगद हॉर्नवरून बाजूला केला.

“असं करू नये, मावशी,” ती म्हणाली. “सुटेल आत्ता. जरा धीर धरा.”