पोत्यातले ठोके

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. आत्याने आयुष्यात कधी थाप मारली नाही. तिला ते जमतच नाही.

आत्या तुरुंगात डॉक्टर होती.

भर उन्हाची दुपार होती. दुसऱ्या दिवशी एका कैद्याला फाशी द्यायची होती. दरोड्यात त्याने एका दुकानदाराचा जीव घेतला होता. गुन्हा कबूलही केला होता. निरपराध वगैरे नव्हता तो.

फाशीच्या आदल्या दिवशी दोर तपासतात. कैद्याच्या वजनाइतकं वाळूचं पोतं दोराला बांधायचं आणि खटका ओढायचा. पायाखालची फळी उघडते, पोतं लटकतं. झालं.

फाशीघरात जेलर होते, एक शिपाई होता, कैद्याला धीर द्यायला आलेले धर्मगुरू होते आणि आत्या.

शिपायाने खटका ओढला.

फळी धाडकन उघडली. पोतं खाली गेलं...

आणि कुणीतरी कण्हलं.

"लाकूड करकरलं," जेलर म्हणाले.

बाहेर इतका वेळ पाखरांचा कलकलाट चालला होता. तो एकदम थांबला.

आत्या पायऱ्यांवरून खाली, लटकत्या पोत्यापाशी उतरली. आपण काय करतोय, हे तिचं तिलाच कळेना. तिने स्टेथोस्कोप कानाला लावला, पोत्यावर टेकवला...

धप्. धप्. धप्.

घाबरलेल्या माणसाची छाती उडते तसं.

"साहेब, ऐका," ती स्टेथोस्कोप पुढे करत म्हणाली.

जेलरांनी हात पाठीमागे घेतले. धर्मगुरूंनी मात्र ऐकलं. मग ते तिथेच पायरीवर बसले.

"उद्या मी इथे उभी राहणार नाही," आत्या म्हणाली. "आणि हा माणूस फाशी द्यायला धडधाकट आहे, असं लिहूनही देणार नाही."

"मॅडम, तुमच्या सख्ख्या भावाचा खून झालाय. तुम्ही असं बोलावं?" जेलर म्हणाले.

तो भाऊ म्हणजे माझे बाबा; त्यांचा मारेकरी दुसराच कुणी होता.

"म्हणून तर बोलते. त्याच्या मारेकऱ्याला लटकवलं असतं, तर माझा भाऊ दारात येऊन उभा राहिला असता? एका घरात रडं पडलं म्हणून दुसऱ्या घरात पाडायचं? ठेवा याला जन्मभर कोंडून. पण हातपाय बांधलेल्या माणसाला मारायला मी हातभार लावणार नाही."

"धर्मात शिक्षा सांगितलीय. हो ना, महाराज?"

धर्मगुरूंनी मान वर केली नाही. "पश्चात्तापही सांगितलाय, साहेब. मेलेल्याने तो कधी करायचा? जे आपल्याला परत देता येत नाही, ते घेणारे आपण कोण? इतकी वर्षं मला वाटायचं, मी कैद्यांना धीर देतोय. मी तुम्हालाच धीर देत होतो."

"मॅडम, नोकरी जाईल."

"जाऊ दे."

दुसरा डॉक्टर बोलावला. आत्याने त्याला आधी पोत्यापाशी नेलं. त्याने ऐकलं, बॅग उचलली आणि सरळ फाटकाबाहेर गेला.

डॉक्टरच्या सहीविना फाशी पुढे ढकलावी लागली. पुढे ती जन्मठेप झाली. आत्याची नोकरी मात्र गेलीच.

शिपायाने ते पोतं तिथेच उसवलं. आत नुसती वाळू होती.

पण बोट लावलं तर... कोमट. फाशीघरात तर ऊन येतही नाही.

मी एकदा आत्याला विचारलं, "तो कैदी तेव्हा कोठडीत जिवंत होता. मग ते ठोके कुणाचे?"

"कुणाचे का असेनात," ती म्हणाली. "चालू होते ना?"

गेल्या आठवड्यात आम्ही चहा घेत होतो. तिचा फोन वाजला. त्याच तुरुंगातली नवी डॉक्टर बोलत होती. आवाज इतका बारीक की आत्याने स्पीकर लावला.

"ताई, आज दोराची चाचणी झाली... तुम्ही ऐकले होते, ते ठोके एकाच माणसाचे होते ना?"

"हो. का गं?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मला बऱ्याच जणांचे ऐकू येतायत."

आत्याने चहा तसाच ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

"सही करू नकोस, पोरी. मी आलेच," ती फोनमध्ये म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "बघत काय बसलायस? गाडी काढ."

मी तिला फाटकापाशी सोडलं. ती ताठ मानेने आत गेली. मला काही आत जाववलं नाही. मी तुरुंगाच्या सावलीतल्या भिंतीला टेकून उभा राहिलो...

आणि चटकन बाजूला झालो. भिंत कोमट होती.