म्हातारीचा निळा धूर

"टोपल्या खाली उतरवा! तळ्याची सहल रद्द!" आत्यानं अंगणातूनच जाहीर केलं.

शेडमधल्या व्हॅनमध्ये सामान भरणारी तिन्ही भावंडं जागच्या जागी थिजली.

"रद्द? का?" फौजदारनं विचारलं. ती तेरा वर्षांची, सगळ्यांत थोरली. सारखे हुकूम सोडते म्हणून काकानं तिला हे नाव दिलं होतं आणि तिला ते मनापासून आवडायचं.

"म्हातारीचं इंजिन संपलंय. निळा धूर येतोय म्हणजे तेल जळतंय, असं काल मिस्त्री म्हणाले. चार वाजता भंगारवाला येणार आहे." एवढं बोलून आत्या घाईघाईनं रोपांकडे निघून गेली.

म्हातारी म्हणजे आत्या आणि काका या बहीणभावाच्या रोपवाटिकेची जुनी व्हॅन. या तिघांना जन्मल्यावर दवाखान्यातून घरी आणलं होतं ते तिनंच! ती भंगारात जाणार, या कल्पनेनं आठ वर्षांच्या नाकुलीचे डोळे डबडबले.

"रडायचं नंतर! मिस्त्रींनी बॉनेट उघडून पाहिलं का?" फौजदार म्हणाली.

"कुठलं! फाटकातूनच धूर बघितला आणि मान हलवली," वहीवाल्यानं सांगितलं. या बारा वर्षांच्या पठ्ठ्यानं सुट्टीचा एकेक तास वहीत टिपून ठेवला होता.

"मग आपण उघडू. इंजिन गार आहे ना? चला!"

फौजदारनं तेल मोजायची पट्टी पुसून आत घातली आणि पुन्हा बाहेर काढली. तेल दोन खुणांच्या मध्ये असायला हवं, हे काकानंच शिकवलं होतं. इथे ते वरच्या खुणेच्याही बोटभर वर!

"तेल जळतंय तर ते कमी व्हायला हवं. हे तर वाढलंय!"

"इथे बघा! इथे फार घाण वास येतोय," नाकुली म्हणाली. तिचं नाक घरात प्रसिद्ध होतं. डब्यातला लाडू कुणी पळवला, हे ती हात हुंगून सांगायची.

इंजिनाशेजारी नळ्यांना जोडलेला एक छोटा डबा होता. गेल्या वर्षी आत्यानं तो हौसेनं बसवून घेतला होता. इंजिनातून वाफांबरोबर येणारं तेल तो वाटेतच अडवायचा, म्हणजे ते हवेच्या नळीतून परत इंजिनात जाऊन जळत नसे. मात्र दर महिन्याला खालची तोटी उघडून तो रिकामा करावा लागे.

फौजदारनं डब्याच्या बाजूची काचनळी पुसली. "अरे देवा! हा तर गळ्यापर्यंत भरलाय! आता सगळं तेल सरळ आत जातंय आणि त्याचाच धूर होतोय!"

"पण पट्टीवर तेल जास्त कसं?" वहीवाल्यानं विचारलं.

फळीवर तेलाच्या कॅनमागे नाकुलीला एक चहाचा मग सापडला. आतून तेलकट, ओला! वहीवाल्यानं भराभर पानं उलटली.

"ऐका! रविवारी सव्वासहा: काका मग घेऊन शेडमध्ये. सात वाजता: आत्या मग घेऊन शेडमध्ये. मला वाटलं, दोघं चहा पितायत!"

फौजदारनं तो मग फ्रॉकमागे लपवला. "सगळे पोत्यांमागे! म्हातारीला निरोप द्यायला दोघंही येणारच."

साडेतीनला काका दबक्या पावलांनी आला आणि फळीवर चाचपू लागला. पाठोपाठ आत्या आली.

"तू इथे काय करतोयस?"

"मी... काही नाही, ताई. तू?"

"हेच शोधताय ना?" तेलकट मग उंचावत फौजदार बाहेर आली.

दोघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले!

"म्हातारी तेल पितेय हे ताईला कळलं, तर ती लगेच विकेल. म्हणून मी दर रविवारी गुपचूप कपभर घालायचो," काका पुटपुटला.

"आणि तुला कळलं तर तू जेवणार नाहीस, म्हणून मी घालायचे!"

"पट्टी काढून बघितली होती का?" वहीवाल्यानं विचारलं.

दोघांनीही नकारार्थी मान हलवली.

"आणि हा डबा कोण रिकामा करतं?"

आत्यानं काकाकडे बोट दाखवलं, काकानं आत्याकडे!

लगेच मिस्त्रींना बोलावणं गेलं. त्यांनी या वेळी बॉनेटमध्ये चांगलं डोकं घातलं आणि कान पकडले. नाकुलीनं तोटी उघडली. करड्या, चिकट तेलाची धार पत्र्याच्या भांड्यात पडली. डबा भराभर भरणारं इंजिनातलं जास्तीचं तेल मिस्त्रींनी काढलं, हवेची नळी साफ केली आणि किल्ली फिरवली. म्हातारी खोकली, निळा लोट सोडला, पुन्हा खोकली... धूर विरळ होत होत दहा मिनिटांत नाहीसा झाला!

"मी वीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय. पण आज या पोरांनी मला शिकवलं," मिस्त्री म्हणाले.

भंगारवाला आला तेव्हा आत्यानं त्याला चहा पाजला आणि हसत परत पाठवलं. मग तिनं तिन्ही मुलांना एकदम मिठीत घेतलं.

"तुम्ही नसता तर आमच्या प्रेमानंच बिचारीचा जीव घेतला असता!"

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं बहीणभाऊ शेडमध्ये एकत्र येतात. तोच मग तोटीखाली धरतात, निघालेलं तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून मिस्त्रींकडे पाठवतात आणि वहीत तारीख लिहून खाली दोघंही सही करतात. फौजदारचा तसा हुकूमच आहे!