सतरा नंबरचा डाव

शाळेतली मुलं मला पाठीमागे कुलूपसर म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. लालबागच्या आमच्या शाळेला एका संस्थेने चोवीस लॅपटॉप दिले, तेव्हा त्यांवर गेम चालू न देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मोबाईलवरचे गेम लॅपटॉपवर चढवायच्या जेवढ्या युक्त्या नववीच्या वर्गाला ठाऊक होत्या, तेवढी कुलपं मी घातली. संस्थेचा नियम कडक होता. गेम सापडला की लॅपटॉप परत.

म्हणून सोमवारी पावणेचारला सतरा नंबरच्या स्क्रीनवर कॅरम दिसला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. तो लॅपटॉप श्रेयाचा. गणितात माझ्याही चुका काढणारी मुलगी. शनिवारी साडेतीनला तिची शिष्यवृत्तीची ऑनलाइन परीक्षा होती आणि नोंदणी याच लॅपटॉपवर झाली होती.

"सर, शप्पथ, मी नाही टाकला," ती म्हणाली. "चार दिवस झाले, आपला आपणच येतो. पाच मिनिटं थांबतो नि जातो."

"तू हात लावलास?"

"नाही ओ. परीक्षेत आला तर मला बाद करतील ना?"

करतील, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिची आई दोन घरी स्वयंपाक करते. ही शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर श्रेयाची अकरावी कशी होणार हे मला कळत नव्हतं.

मंगळवारी मी लॅपटॉप पुसून कोरा केला. बुधवारी इंटरनेट बंद ठेवलं. पावणेचारला कॅरम हजर. की-बोर्डच्या फटींत पांढरं काहीतरी अडकलं होतं. चिमटीत धरून पाहिलं तर कापूस निघाला. श्रेयाच्या घरच्या उशीचा असेल, म्हणून मी तो फुंकून टाकला.

गुरुवारी मात्र मी खुर्ची ओढून नीट बघत बसलो. इतर गेममध्ये बोर्ड चकचकीत असतो. या बोर्डावर चहाच्या ग्लासाचा गोल डाग होता आणि उजवीकडच्या भोकाची जाळी काळ्या दोरीने शिवलेली होती. दोन पांढऱ्या, तीन काळ्या आणि राणी शिल्लक होती. स्ट्रायकर माझ्या बाजूला येऊन थांबला होता.

तो बोर्ड मी ओळखला.

दहावीच्या सुट्टीत मी रोज दुपारी चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत कॅरम खेळायचो. साडेतीनला कापडगिरणीची पहिली पाळी सुटली की गणपत, चिंतामणी आणि रमाकांत यायचे. तिघंही तिशीतले, चौथा भिडू मी. एक दिवस डाव अर्धाच असताना वडिलांनी खालून हाक मारली. गिरगावात आत्याकडे राहून कॉलेज करायचं ठरलं होतं आणि टॅक्सी उभी होती.

"खंय चललंस रे? खेळ तुझो आसा," गणपत म्हणाला.

"आलोच," मी म्हणालो. पुन्हा गेलो नाही. चाळ पाडली तेव्हाही नाही.

शुक्रवारी श्रेयाला शेजारी बसवलं आणि मी टचपॅडवर बोट ठेवलं.

आवाज बंद होता, तरी स्ट्रायकरची टक ऐकू आली. माझ्यानंतर डावीकडचा स्ट्रायकर हलला, मग समोरचा, मग उजवीकडचा. समोरच्याने माझ्यासाठी राणी भोकाच्या तोंडाशी आणून ठेवली. चिंतामणी असंच करायचा.

मला फार छान वाटलं. चाळीस वर्षांत मी इतका निवांत बसलो नव्हतो. मी राणी घेतली, शेवटच्या पांढरीने कव्हर दिलं, आणि बोर्ड विझला. तेवढ्यात घंटा झाली. मी सवयीने उठलो.

"आलोच."

"कोणाला म्हणालात, सर?" श्रेयाने विचारलं.

"कोणाला नाही गं."

शनिवारी मी परीक्षाभर दाराशी उभा होतो. पावणेचार झाले. चार झाले. स्क्रीनवर प्रश्नांखेरीज काही आलं नाही. श्रेया हसत बाहेर आली. "एकच चुकलंय, सर. तेही बहुतेक बरोबर असेल." सतरा नंबरवर गेम नसल्याच्या संस्थेच्या कागदावर मी तिथेच सही केली.

गिरगावात बसमधून उतरलो आणि कोपऱ्यावरून दोन वडे घेतले, एक माझा, एक बायकोचा, यशोदाचा. गाणं गुणगुणत जिना चढलो.

यशोदाने दार उघडलं. "दोनच आणलेत? अहो, आत तिघं येऊन बसलेत."

"कोण तिघं?"

"मला काय माहीत. तुमचे जुने विद्यार्थी असतील, तिशीतले वाटतात. तुम्ही काल 'आलोच' म्हणालात म्हणे, वाट बघून शेवटी तेच आले."

आतून टक असा आवाज आला.

"चांगली आहेत हो माणसं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "फक्त सगळ्यांच्या केसांत कापूस आहे. झटका म्हटलं, तर नुसते हसले."